शेंगाचटणीतली बुरशी: जगाचे नियम आपल्याला लावायचे का?

बाळीवेस
सोलापूरची शेंगाचटणी कुठंकुठं जाते, पण शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनवर, म्हणजे बुरशीनं तयार होणाऱ्या विषावर, आपल्याकडे कुणी बोलत नाही. 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगपेंडीतून या विषाचा छडा लागला. यानं यकृताचा कर्करोग होतो आणि भाजलं तरी ते पूर्ण जात नाही. अशा विषावर देशांनी मिळून संशोधन करावं आणि त्यातून ठरलेली मर्यादा आपल्या चटणीलाही लागावी.

अक्कलकोट रोड
कुणाची मर्यादा? कोडेक्स, म्हणजे अन्नाचे जागतिक मानक ठरवणारी संस्था, किलोमागे 15 मायक्रोग्रॅम म्हणते, युरोप 4. शास्त्र एकच, मग आकडे दोन कसे? कारखानदार तपासणीचा खर्च काढेल ओ, पण चटणी कुटणाऱ्या बचत गटातल्या बायकांनी कुठली लॅब गाठायची?

लॅबवाली
आकडा अर्धाच सांगितलात. कोडेक्सची 15 ही पुढे प्रक्रिया व्हायच्या शेंगदाण्यासाठी आहे. खराब दाणे अजून निवडून काढायच्या मालाला युरोपातही 15 चालतं, 4 आहे ते थेट खायच्या मालाला.

अक्कलकोट रोड
ठीक. पण एफएओ आणि डब्ल्यूएचओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीनंच हिशेब मांडलाय की जिथं हिपॅटायटिस बी हा यकृताचा संसर्ग, ज्यानं या विषाचा धोका वाढतो, कमी, तिथं मर्यादा 20 वरून 10 वर आणून कर्करोग फारसा घटत नाही. मग 4 चा हट्ट कशासाठी? त्यात गरीब देशांचा माल अडतो.

लॅबवाली
त्याच हिशेबात हिपॅटायटिस बी जास्त असलेल्या ठिकाणी फायदा मोठा निघालाय. शिवाय हा हिशेब तुमच्या हातात आला तोही देशोदेशीचे शास्त्रज्ञ एकत्र बसले म्हणूनच.

बार्शीचा शेतकरी
तुमचं भांडण लॅबपाशीच अडकलंय. शेंगा भरताना पाऊस ओढ देतो, जमीन तापते आणि मातीतलीच बुरशी शेंगेत शिरते. पुढं काढलेल्या शेंगा ओल्याच पोत्यात गेल्या की संपलंच. वाळवायला ताडपत्री, निवडायला माणसं, हे कोण देणार? मर्यादा घाला, पण दंड माझ्या एकट्याच्या माथी नको.

बाळीवेस
दादा, तुमचं म्हणणं मान्य. पण उपायही याच सहकार्यातून आलेत. आफ्रिकेत विष न करणारी बुरशी शेतात टाकून विषारी बुरशीला हटवतात. अमेरिकन आणि आफ्रिकी शास्त्रज्ञांनी मिळून हे केलं, नायजेरियात 2014 साली नोंदणीही झाली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं अफ्लाटॉक्सिन मोजायची स्वस्त चाचणी काढली. आपल्या मातीतली निरुपद्रवी बुरशी शोधायचं काम इथं व्हायला हवं.

अक्कलकोट रोड
मग आधी ती चाचणी मार्केट यार्डात, लिलावाच्या जागी आणा, तीही फुकट. तोवर बचत गटांवर नियम लादायला माझा विरोधच राहील.