पाचशेची नोट गल्ल्यावर कशी पारखावी?

प्रश्न : माझे किराणा दुकान असून संध्याकाळच्या गर्दीत प्रत्येक नोट उजेडासमोर धरून पाहण्यास उसंत मिळत नाही. क्रमांकात चांदणी असलेली पाचशेची नोट नाकारावी काय?

उत्तर १ : चांदणी हे खोटेपणाचे लक्षण नव्हे, छपाईत सदोष निघालेल्या नोटेच्या जागी अशी नोट घातली जाते. नोट तिरकी करताच सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो का, एवढे पाहावे.

उत्तर २ : माझी भिस्त बोटांवर आहे. गांधीजींचे चित्र आणि दोन्ही कडांवरील पाच तिरप्या रेषा हाताला उठावदार लागतात. मात्र मळकट नोटेत हा उठाव झिजलेला असतो, त्यामुळे धागाही पाहावाच लागतो.

उत्तर ३ : बँकेने खोटी ठरवलेली नोट जप्त होते आणि तिचा मोबदला मिळत नाही, पोचपावती तेवढी मागून घ्यावी.