देव मानत नाही, ख्रिश्चनही नाही, तरी नाताळ करायचा का?

कापूसवाली_चोपडा:
राम राम मंडळी. मी आणि नवरा देवबिव मानत नाही, पण पोरीला नाताळाचं भारी वेड. मागच्या वर्षी शाळेत तिला सांताक्लॉज बनायचं होतं, सासऱ्यांनी दाढीसाठी शेतातला वेचणीचा कापूस आणला, मी तो पुठ्ठ्यावर चिकटवला, सरकी आत तशीच. स्टेजवर पोरगी हनुवटी खाजवतेय अन् दाढीतून टपटप सरकी पडतेय, अख्खा हॉल हसला, ती पण पोट धरून हसली. यंदा म्हणते घरी झाड पण लावू, केक पण करू. सासूबाई म्हणतात, आपलेच देव मानत नाही तर दुसऱ्यांचा सण कशाला? मला मनापासून करावासा वाटतो. ख्रिश्चन लोकांना वाईट तर नाही ना वाटत?

रावेरचा_केळीवाला:
कर ताई बिनधास्त. २५ डिसेंबरला सुट्टी, वांगी पण तेव्हा ऐन बहरात, म्हणून आमची मळ्यात भरीत पार्टी असते. काका लाल टोपी घालून कापसाच्या काड्यांवर वांगी भाजतात. झाड म्हणून केळीलाच लायटिंग करतो, पहिल्या वर्षी चांदणी पानाला बांधली तर पान टर्रकन फाटलं, आता सरळ घडाला बांधतो, पोरं तिच्याखाली कळण्याची भाकरी खात बसतात.

धुळेकर_वाचक:
सासूबाईंना सांगा, बायबलमध्ये २५ डिसेंबर ही तारीखच नाहीये. रोममध्ये त्या दिवशी सण होत असल्याची जुनी नोंद इ.स. ३३६ ची. झाड जर्मनीकडचं, सांताचं मूळ म्हणजे संत निकोलस, ते आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, आणि आपला 'नाताळ' शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मला सगळ्यात आवडते ती आजच्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची गोष्ट, तिथल्या प्युरिटन म्हणजे कट्टर ख्रिश्चन पंथाच्या लोकांनीच १६५९ मध्ये नाताळावर बंदी घातली, साजरा केला की ५ शिलिंग दंड, १६८१ पर्यंत! म्हणजे देव मानणाऱ्यांनीच सण बंद पाडला होता, मग न मानणाऱ्यांनी केला तर काय बिघडलं?

भुसावळ_रेल्वे_कॉलनी:
मी ख्रिश्चन आहे. ताई, वाईट कशाला वाटेल, दिवाळीला शेजारचा फराळ आम्ही खातोच की, अन् आमच्या नाताळाच्या ताटात केकसोबत करंज्या-चकल्या पण असतात. एकच विनंती, 'हॅपी गुड फ्रायडे' असे मेसेज नका पाठवू हो, दरवर्षी सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलांसकट दहा-बारा येतात. तो येशूला क्रुसावर दिलं तो दिवस, आमचा दुखवट्याचा. शुभेच्छा द्या ईस्टरला, दोन दिवसांनी रविवारी. तो २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणून तारीख दरवर्षी बदलते, आपल्या तिथीसारखीच. आणि केळीवाले भाऊ, भरिताला आम्हाला कधी बोलावता?

रावेरचा_केळीवाला:
या ना भो, सगळ्या घरादारासकट या. केक तेवढा तुमच्याकडचा.

कापूसवाली_चोपडा:
खूप बरं वाटलं सगळ्यांचं वाचून. तिथीचं ऐकून सासूबाई एकदम सरसावून बसल्या, ईस्टर कधी येतो म्हणून पंचांग काढून पौर्णिमा बघताहेत. आणि पोरगी ओट्यावर बसून दाढीच्या कापसातली सरकी काढतेय, वाटीभर निघाली आत्तापर्यंत.