रणांगण बघायला जाण्याचा शौक: वेड की वाचन?

भुईकोटवाला:
नववीत पानिपतावरची कादंबरी वाचली आणि युद्धाचं वेड लागलं ते लागलंच. यंदा जानेवारीत पानिपतला जाऊन आलो. लढाईची जागा म्हणून दाखवतात त्या काला आंब इथला आंबा केव्हाच गेला. आता स्तंभ आणि राखलेली बाग. मी डोळे मिटून भाऊंचा घोडा, विश्वासरावांची अंबारी आठवायला लागलो, पण आली फक्त थंडी. दोन स्वेटर घालून कुडकुडत होतो. १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं तिथं आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहून उभी ठाकली. अब्दालीनं रसद तोडलेली, ती पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेलेले. हे सगळं वाचलेलं होतं, अंगाला भिडलं ते तिथं. म्हणून म्हणतो, कादंबरी वाचा आणि जागेवर जा.

(आमच्या सौ.नी तिथून ब्लँकेट घेतलं. चादरीच्या गावची बाई!)

भीमाकाठ:
काका, रागावू नका, पण युद्धाची गोडी न लढलेल्यालाच असते. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. सुट्टीवर आला की पारावर कुणीतरी विचारतंच, 'काय काय बघितलंस रे?' तो उठून शेताकडं जातो. आणि कादंबऱ्यांचं काय सांगता? पानिपतची खबर आली ती 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला गणती नाही' अशी, असं सांगतात. कादंबऱ्या सगळ्या मोत्यांच्या, म्हणजे भाऊ-विश्वासरावांच्या. खुर्द्यावर, म्हणजे साध्या शिपायांवर, कोण लिहितं?

भुईकोटवाला:
खुर्द्याचं पटलं. पण मोत्यांच्या नादानं गेलो म्हणूनच त्या उपाशी खुर्द्यापाशी पोचलो ना? नुसत्या सनावळ्या पाठ करून गेलो असतो का एवढ्या लांब?

पार्कचौक:
फोटो टाका ओ काका.

निवृत्त_मास्तर:
तुम्ही दोघं पानिपतावर भांडताय, आणि आपल्या मोहोळ तालुक्यातली आष्टी? २० फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांशी लढाईत पेशवे दुसरे बाजीराव तिथून निसटले, त्यांचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती लागले. मे महिन्यात इंग्रजांच्या मन्रोनं सोलापूरचा किल्लाही घेतला. तिथं आपण आता पोरांना फिरायला नेतो. माचणूरला तर भीमेच्या काठी औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ पडून होती. तिथं जाणारे सिद्धेश्वराचं दर्शन घेतात आणि परततात.

मी एकदा वर्ग घेऊन आष्टीला गेलो होतो. एका पोरानं विचारलं, 'सर, इथं बघायचं काय?' मला उत्तर देता आलं नाही. पोरांनी डबे सोडले. तेव्हा जागेवर जा म्हणताना काय दिसणार तेही सांगा. पानिपतला निदान स्तंभ तरी आहे.

भुईकोटवाला:
मास्तर, पुढच्या फेब्रुवारीत आष्टीला जाऊ. गाडी माझी, शेंगाचटणी-कडक भाकरी तुमची.

भीमाकाठ:
म्हणजे सहलच की! हेच म्हणत होतो मी.

भीमाकाठ:
काल भाऊ आला. त्याला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, 'ते रसदेचं बरोबर लिहिलंय काकांनी.' आष्टीला येतोस का विचारलं, तर नाही म्हणाला.