डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर नेलाय, ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएलचं नेटवरचं दार) असंच उघडं राहिलं तर चालेल का?

दूधवही_डेव्ह
नमस्कार मंडळी. सांगलीकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी लॅराव्हेलमधे (पीएचपीचं फ्रेमवर्क) छोटं अ‍ॅप केलंय, सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकायचं आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचं, बास. आत्तापर्यंत अ‍ॅप आणि मायएसक्यूएल एकाच व्हीपीएसवर (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) होतं पण बिलाच्या दिवशी रॅम पुरेना म्हणून डेटाबेस दुसऱ्या कंपनीच्या व्हीपीएसवर नेला, तो जर्मनीत आहे (स्वस्त होता हो). कनेक्टच होईना, मग एका व्हिडिओत बघून बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ (फक्त तेच मशीन) चा ०.०.०.० (सगळीकडून) केला आणि युजरच्या होस्टला टक्का लावला (म्हणजे कुठल्याही आयपीवरून चालेल), तेव्हा कुठे चालू झालं. काल लॉगची पातळी ३ करून बघितलं तर कुठकुठल्या आयपीवरून रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशा नावांनी 'अ‍ॅक्सेस डिनाइड'च्या ओळीच ओळी. पासवर्ड २० अक्षरी आहे. भागेल का तेवढ्यावर? शेतकऱ्यांचे खाते नंबर आहेत त्यात, झोप उडालीये.

सर्व्हरमामा
आधी पोर्ट बंद करा, मग बाकीचं वाचा. ते लॉगवाले तुमच्या मागे लागलेले नाहीत, बॉट आहेत, दिसेल ते दार वाजवत फिरतात. जानेवारी २०१७ मधे असेच नेटवर उघडे, बिनपासवर्डचे हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि आत फक्त बिटकॉइन मागणारी चिठ्ठी उरली. तुमचा पासवर्ड आहे म्हणून वाचलात, पण उद्या मायएसक्यूएलमधेच लॉगिनच्या आधीचं एखादं भोक निघालं तर २० अक्षरं काय कामाची.
यूएफडब्ल्यूमधे (लिनक्सचं फायरवॉल) ३३०६ फक्त अ‍ॅपच्या आयपीला द्या, आणि युजरच्या टक्क्याच्या जागी पण तोच आयपी. यूएफडब्ल्यू चालू करायच्या आधी २२ ला (एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिनचं पोर्ट) परवानगी दिलीये ना ते बघा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल (मी राहिलोय, रात्री दीडला). आणि मायएसक्यूएल डॉकरमधे (कंटेनरमधे) असेल तर सावधान, डॉकर पब्लिश केलेल्या पोर्टचे नियम स्वतःच लिहितो आणि यूएफडब्ल्यूला विचारत पण नाही. घरच्या नेटवरून एनमॅप (उघडी पोर्ट तपासायचं टूल) मारून खात्री करा.

दूधवही_डेव्ह
धन्यवाद मामा, डॉकर नाहीये, केलं लगेच. पण मग एसएसएल (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) वेगळं लावायचं का? मायएसक्यूएल ८ आपोआप करतं असं वाचलं.

निशिगंधा_क
सर्व्हर तयार असतो हो, पण पीएचपी आपणहून मागत नाही. टर्मिनलमधून जोडलं की एसएसएल दिसतं आणि आपण निर्धास्त, अ‍ॅप मात्र तुमचे खाते नंबर तसेच उघडे पाठवतंय. 'शो स्टेटस लाइक एसएसएल_सायफर' हे अ‍ॅपच्याच कनेक्शनमधून चालवून बघा, रिकामं आलं तर समजा.
मी तुमच्या जागी असते तर एसएसएच टनेल (डेटाबेसचं कनेक्शन एसएसएचच्या एन्क्रिप्टेड जोडणीतून न्यायचं) केलं असतं. अ‍ॅपच्या सर्व्हरवरून एसएसएच -एन -एल ३३०७:१२७.०.०.१:३३०६, पुढे डेटाबेसवाल्या सर्व्हरचा युजर आणि पत्ता. मग बाइंड-अ‍ॅड्रेस परत १२७.०.०.१ आणि बाहेरून ३३०६ अजिबात बंद. टनेलसाठी वेगळा युजर, वेगळी की, शेल नाही. सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालू ठेवणारा) सर्व्हिस करून रीस्टार्ट ऑलवेज लावा, टनेल कधीतरी पडतंच.
एक गोष्ट लक्षात ठेवा, एनव्ही फाईलमधे (पासवर्ड वगैरे सेटिंगची फाईल) होस्ट १२७.०.०.१ च लिहा, लोकलहोस्ट नाही. लोकलहोस्ट लिहिलं की ते पोर्ट न बघता त्याच मशीनवरच्या सॉकेटकडे जातं. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली, कारण जुना डेटाबेस त्याच मशीनवर अजून चालू होता, सगळं मस्त जोडलं जात होतं आणि नवीन नोंदी जुन्यात पडत होत्या!!

कोकणी_लिनक्स
ताईंचं बरोबर, पण कायमचं करायचं तर वायरगार्ड (व्हीपीएन) बघा, लिनक्स ५.६ पासून कर्नलमधेच आहे, दोन्हीकडे पाचसहा ओळींची फाईल आणि यूडीपीचं एक पोर्ट. नंतर तिसरा सर्व्हर आला तरी त्रास नाही.
पण भाऊ, जर्मनी कशाला? एकदा पिंग मारा. एका पानाला ४० क्वेरी असतील आणि प्रत्येकीला १३० मिलिसेकंद, तर ५ सेकंद नुसते येण्याजाण्यात. अ‍ॅप जिथे आहे त्याच कंपनीकडे त्याच डेटासेंटरमधे दुसरा व्हीपीएस घ्या, प्रायव्हेट नेटवर्क मिळालं तर हा निम्मा धागाच लागत नाही. आणि अ‍ॅपच्या युजरला काय काय हक्क दिलेत?

दूधवही_डेव्ह
टनेल झालं, लॉग एकदम शांत. पिंग १३४ आला 😅 आणि संकलनाचं पान खरंच साडेचार सेकंद घेतंय, केंद्रावर रांग लागली तर लोक मला कॅन फेकून मारतील. २१ तारखेचं बिल झालं की इकडे आणतो. हक्क सगळेच दिलेत, सगळ्या डेटाबेसवर. आणि एनव्ही फाईल गिटमधे (कोडचे जुने बदल, म्हणजे कमिट, साठवणारं) गेलीये हे आत्ता बघितलं, डिलीट करून पुश केली.

सर्व्हरमामा
डिलीट करून काय होतंय, जुन्या कमिटमधे पासवर्ड तसाच बसलाय. आज तो बदला, २१ ची वाट बघू नका. बदलतानाच अ‍ॅपला नवा युजर द्या, त्या एकाच डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट एवढंच, मायग्रेशनला (टेबलांची रचना बदलायला) वेगळा. आणि जर्मनीतला सर्व्हर पुसायच्या आधी डेटाबेसचा एक डम्प (पूर्ण कॉपी) काढून घरच्या लॅपटॉपवर रिस्टोअर होतोय का ते बघा.