मदत हवी आहे: अडीचच्या वायरला नक्की किती अँपिअर? प्रत्येक कोष्टक वेगळं सांगतंय

फेज_गेला:
तांब्याची २.५ चौ.मिमी वायर. ब्रिटिश कोष्टकात २७, आयईसीत (आंतरराष्ट्रीय मानक) २४, अमेरिकन कोडात २०. उन्हाळ्याच्या उष्णतेसाठी क्षमता घटवणारा ०.७९ चा गुणक लावला की २१, १९ आणि १६. आयएसचा (भारतीय मानक) आकडा चौथाच, त्यालाही ०.७९ लावून बघितला. खरं कोणाचं धरायचं? २० अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) लावायचाय. चालेल की नाही एवढंच सांगा, सुरक्षेवर प्रवचन नको. उद्या पाइपाला झाकण बसवायचंय.

कंडुइटवाला:
वायर नेताय कशातून? वायरीवरचं इन्सुलेशन पीव्हीसी (७० अंश सोसणारं) की एक्सएलपीई (९० अंश)? त्याच पाइपात आणखी किती सर्किटं? लोड किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग "चालेल का" याला उत्तर काय देणार?

तोवर एवढं बघा: २७ आणि २४ एकमेकांच्या विरोधात नाहीत. २७ म्हणजे भिंतीवर क्लिपने थेट बसवलेली केबल, २४ म्हणजे भिंतीवरच्या कंडुइटमधून (वायरीच्या पाइपातून) नेलेल्या सुट्या वायरी. ब्रिटिश बीएस ७६७१ मध्येही कंडुइटला २४ च आहेत, तुम्ही शेजारचा रकाना वाचलात. तीच अडीचची चपटी केबल उष्णतारोधक भरलेल्या पोकळ भिंतीत, पृष्ठभागाला न टेकता गेली तर ब्रिटिश कोष्टक १३.५ वर आणतं.

चारचीवायर:
कशाला एवढा कीस? चारची टाका आणि मोकळे व्हा.

बारा_गेज:
अमेरिकन २० अडीचच्या वायरीचे नाहीतच! ते १२ गेजचे (जाडीचं अमेरिकन माप), आणि १२ गेज म्हणजे ३.३१ चौ.मिमी. जाड वायरीला आकडा कमी, कारण तो वायर ६० अंशांपर्यंतच तापू देणाऱ्या रकान्यातला आहे. त्याच ओळीत ७५ ला २५ आणि ९० ला ३० आहेत. शिवाय १२ गेजला सहसा २० पेक्षा मोठं संरक्षण लावू देत नाहीत, रकाना कोणताही असो. आणखी एक: त्यांचं कोष्टक तीन भारित वाहकांसाठी (करंट नेणाऱ्या वायरींसाठी) आहे. आयईसीत दोन आणि तीन वाहकांचे आकडे वेगळे, अडीचला कंडुइटमध्ये २४ आणि २१.

तापमानपट्टी:
सगळ्यात मोठी गडबड ०.७९ ची आहे. तो आयईसीचा गुणक: ७० अंशांचं पीव्हीसी, पायाभूत (कोष्टकाने गृहीत धरलेली) हवा ३० अंश, प्रत्यक्ष ४५. वर्गमूळ (७०−४५)/(७०−३०) काढा, ०.७९ येतात. आयएस ३९६१ चे हवेतले आकडे मुळातच ४० अंशांवर बांधलेले आहेत. त्यांना ४५ साठी ०.९१ पुरे. ०.७९ लावलात म्हणजे तीस ते चाळीसची घट दोनदा कापलीत. ऑस्ट्रेलियाचा पायाही ४० च, न्यूझीलंडचा ३०. अमेरिकनांचा ३०, पण ६० अंशांच्या रकान्याला गुणक निराळे. एकाचं कोष्टक आणि दुसऱ्याचा गुणक, हे कधीच करू नका.

मिलीव्होल्ट:
लांबी किती? अडीचला दर मीटरला, दर अँपिअरला व्होल्टेज १८ मिलीव्होल्टनी घटतं. १६ अँपिअर, २५ मीटर म्हणजे ७.२ व्होल्ट, २३० च्या ३.१ टक्के.

फेज_गेला:
लांबी ९ मीटर, तो प्रश्नच नाही. पत्र्याखाली भिंतीवर कंडुइट, सुट्या पीव्हीसी वायरी. हीटर १६ अँपिअर, तासन्तास चालू. पाइपात असंच आणखी एक हीटर सर्किट आणि एक लाइटिंगचं, जेमतेम २ अँपिअर. सगळं सिंगल फेज. पत्र्याखाली ४५ अंश. आता बोला.

भूगळती:
३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का? आधी ते बघा.

फेज_गेला:
आहे. ते विचारलं नव्हतं.

कंडुइटवाला:
आता आयईसीचंच कोष्टक, आयईसीचेच गुणक. तीन सर्किटं एकत्र, एकमेकांना तापवतात म्हणून गटाचा गुणक ०.७०.
अडीच: २४ × ०.७९ × ०.७० = १३.३
चार: ३२ × ०.७९ × ०.७० = १७.७
सहा: ४१ × ०.७९ × ०.७० = २२.७
एमसीबी २० चा, तेव्हा सहाची.

तापमानपट्टी:
थांबा, लाइटिंग मोजायची गरज नाही. गटातल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी करंट नेणारी वायर गटात धरायची नाही, असा नियम आहे. लाइटिंगला दीडची वायर धरली तर: १७.५ × ०.७९ × ०.७० = ९.७, त्याचे ३० टक्के २.९. लाइटिंग २ वर. मग गट दोनचा, गुणक ०.८०. अडीच १५.२, चार २०.२. चारची चालते.

चारचीवायर:
हेच तर म्हणत होतो!

कंडुइटवाला:
तुम्ही हिशोब न करता म्हणालात. लाइटिंगवर उद्या कोणी पंखे आणि सॉकेट चढवले की गट पुन्हा तीनचा आणि चारची १७.७ वर. कागदावर ०.२ चं अंतर ठेवून मी तरी पाइप बंद करणार नाही.

एक्सएलपी:
९० अंशांची एक्सएलपीई घ्या, अडीचमध्येच भागेल. ३१ × ०.८७ × ०.८० = २१.६.

तापमानपट्टी:
वायर सोसेल, टर्मिनलचं काय? त्या हिशोबाने १६ अँपिअरला तांबं ७० वर जातं आणि २० ला ८४ वर. बहुतेक एमसीबी आणि सॉकेटची टर्मिनलं ७० अंशांच्या वायरीसाठी असतात. आधी काळं पडतं ते स्क्रूखालचं टोक.

फेज_गेला:
अडीच आधीच ओढलीय. जास्त झालं तर एमसीबी पडेलच ना?

कंडुइटवाला:
नाही पडणार. २० चा एमसीबी २२.६ अँपिअर तासभर सोसतो, आणि तासाभरात नक्की पडेल तो २९ ला. मधल्या पट्ट्यात खात्री कसलीच नाही. तुमची अडीच १५.२ ची, म्हणजे हीटरच्या १६ लाही अपुरी. तिच्यातून २५ गेले तर हिशोबाने तांबं ११० च्या वर. वायर भाजेल आणि एमसीबी बघत बसेल.

फेज_गेला:
ठीक. अडीच काढतो, दोन्ही हीटरना चारची, लाइटिंग वेगळ्या पाइपात. मग गट दोनचाच राहील ना?

कंडुइटवाला:
राहील, पण दोन्ही पाइप एकमेकांना चिकटवून नेऊ नका. आणि जुन्याच पाइपात चारची कोंबू नका, वळणावर इन्सुलेशन सोलतं. २५ मिमीचा पाइप घ्या.

भूगळती:
आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघितलं का?