टोमॅटो कच्चा की शिजवलेला? मदत हवी आहे

रोज दोन टोमॅटो तरी पोटात जावेत असं ठरवलंय, पण कसे खायचे इथेच गाडी अडलीय. शिजवला की व्हिटॅमिन सी कमी होतं, आणि लायकोपीन म्हणजे तो लाल रंग देणारा घटक मात्र शिजवून थोड्या तेलाबरोबर खाल्ला की अंगी जास्त लागतो, एवढं वाचलंय. म्हणजे एक धरायला जावं तर दुसरं सुटतं!

आधी नुसत्या कच्च्या फोडी मीठ लावून खाऊन बघितल्या, आठवडाभरात कंटाळा आला. मग सूप केलं, पण साल काढून गाळून घेतलं आणि मागे गाळणीत एवढा चोथा बघून वाटलं की फायबर तर सगळं इथेच राहिलं. आता सालीसकट मिक्सरला लावते, पण सालीचे ते बारीक गुंडाळलेले तुकडे दाताखाली येतात.

अ‍ॅसिडिटी, किडनी स्टोन, पोटॅशियमचं पथ्य असलं काही नाहीये. केचप सुचवू नका प्लीज, त्यात साखर नि मीठ फार.

तर एक कच्चा आणि एक तेलात परतलेला असं केलं तर दोन्ही साधेल का, आणि परतायचा तर किती मिनिटं?