जिनिंगमधलं 'जिन' म्हणजे नेमकं काय?

पऱ्हाटीवाला (मानवत): काल कापूस घेऊन जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर गेलतो, गाड्यांची ही लाईन. पोरगं विचारतंय, बाबा जिन म्हणजे दारू ना, मग हितं कापूस कामून आणायलेत? बाजूचा टेम्पोवाला म्हणे जिन म्हणजे भूत. कुणाला खरं माहिताय का?

सरकीपेंड: इंजिनमधलंच जिन आहे ते. आपण विहिरीवरच्या डिझेल पंपाला इंजन म्हणायचो ना, तोच शब्द. मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे अंगची अक्कल, मग त्या अकलेनं काढलेली युक्ती अन् पुढं युक्तीनं बनवलेलं यंत्र. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर पुढचा भाग गळाला अन् नुस्तं जिन राहिलं, शिकारीच्या सापळ्यालाबी जिनच म्हणायचे. अमेरिकेत एली व्हिटनीनं 1794 ला कॉटन जिनचं पेटंट घेतलं, ते दातेवालं होतं. आपल्याकडं लाकडी चरखी त्याच्या लई आधीची, दोन रूळ फिरवले की रुई पलीकडं निघायची अन् सरकी अलीकडंच पडायची. आपल्या भागातल्या जिनिंगात आजबी बहुतेक डबल रोलरच दिसतील, म्हणजे रूळवालेच.

सेलूकर: दारूची जिन वेगळी. डच लोक 'येनेव्हर' म्हणायचे, जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळावरून, त्याचाच वास असतो तिला. इंग्रजांनी शब्द तोडून जिन केला. जिनिव्हा शहरावरून नाव पडलं म्हणतात ते काई खरं नाही.

शब्दवेडा_परभणी: टेम्पोवाल्याला हसू नका राव 😄 त्याचा जिन अरबी, मुळात अर्थ दडलेलं, नजरेआड असलेलं. पण अलादीनचा 'जीनी' बघा, तो फ्रेंच भाषांतरवाल्यांनी केला, त्यांच्याकडं 'जेनी' शब्द आधीच होता, लॅटिन 'जीनियस'वरून आलेला, कानाला सारखा वाटला म्हणून अरबी जिनाला तोच लावून टाकला. अन् जीनियस आणि वरचं इंजेनियम एकाच कुळातले! म्हणजे दिव्यातला जीनी जिनिंगच्या मशीनचा लांबचा पाव्हणा निघाला, दारूचाच कुणाशी संबंध नाही.

पऱ्हाटीवाला (मानवत): लई भारी. मग इंजिनियरबी त्यातलाच?

सरकीपेंड: हाव, तोबी त्याच घरचा. कापसाचं काय झालं, घेतला का?

पऱ्हाटीवाला (मानवत): कुठं, ओलावा जास्त निघाला म्हणे.

सेलूकर: सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला घालायचा असंल तर 8 टक्क्यांच्या आत आणा, वर गेला की भाव कापतात अन् 12 च्या पुढं घेतच नाहीत. दोन उन्हं द्या अन् मग न्या.